त्रेसष्टाव्या घराचा अंधार

रूपरावजी नोकरीतून निवृत्त झाले, त्यांची मान मात्र अजून ड्यूटीवर आहे. रस्त्यानं चालताना माणूस समोर बघतो; हे वर बघतात. एकतीस वर्षं लाइनमन म्हणून खांब चढले, आता खाली उभं राहून खांबांची झाडाझडती घेतात. कुठं तार लोंबली, कुठं वेल चढली, कुठल्या खांबावर कावळ्यानं संसार थाटला, सगळं तोंडपाठ. या वर बघण्यापायी दोनदा नालीत पडले आणि दोन्ही वेळा नाली बांधणाऱ्याला शिव्या घालून उठले. राग हा त्यांचा जोडधंदा आहे असं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला! एवढी वर्षं या माणसाचा राग कामाला आला म्हणून गावातल्या तारा जागेवर आहेत.

गाव म्हणजे बेलझरी. हिंगणीहून आत, बोरच्या जंगलाच्या कडेला, त्रेसष्ट घरांचं. बहुतेक घरं भाजीपाल्यावर जगणारी. सकाळी वांगी तोडायची, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटायची, जुड्या बांधायच्या आणि पहिल्या ऑटोत टाकून बाजार गाठायचा. रूपरावजींच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढून काळी आणि बोथट आहेत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कुणीतरी खालून ओरडलं, "लाइन बंद हाय, लावा हात," आणि यांनी लावला. तेव्हापासून त्यांचा एकच कायदा: दुसऱ्याच्या सांगण्यावर हात लावायचा नाही, स्वतः तपासायचं आणि काम सुरू करायच्या आधी पुन्हा एकदा तपासायचं. बायको मनकर्णाबाईनं भाजीत मीठ घातलं असं सांगितलं तरी हे आधी बोट बुडवून चाखतात.

दरवर्षीचा गणपतीचा देखावा त्यांच्याच हातचा. पुठ्ठ्याची देवळं, थर्माकोलचे डोंगर, आत बारीक दिवे. लोक खूश व्हायचे, टाळ्या पिटायचे, फोटो काढायचे. रूपरावजी मात्र दरवर्षी मंडपाच्या मागं उभे राहून दात-ओठ खायचे. कारण दिवे लावले की देवळाच्या भिंतीच उजळायच्या. कोपऱ्यांच्या फटींतून उजेड, पायथ्यातून उजेड, पुठ्ठ्याच्या आरपार उजेड. लोकांना ते छान वाटायचं, यांना चीड यायची. "घर हाय का कंदील हाय? उजेड खिडकीतून येते, दारातून येते. भित्तीतून येते थो उजेड नाई, थे लिकेज हाय," असं ते म्हणत. आणि लाइनमनला लिकेजएवढी घाण दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

यंदा गावानं 'आदर्श गाव' स्पर्धेत नाव घातलं. दिवाळीच्या आठवडाभर आधी तालुक्याची समिती यायची होती. सरपंच धनंजय, वय पस्तीस, कपडे कडक इस्त्रीचे, रूपरावजींच्या ओसरीवर येऊन बसला.

"काकाजी, साऱ्या गावाचं मॉडेल बनवा. दर घरी दिवा. बटन दाबलं का सारं गाव लखलख झालं पायजे. समितीच्या कागदावर पयलाच कॉलम हाय, घरोघरी वीज."

"किती घरं?"

"तिरसठ. यादी हाय माह्यापाशी."

रूपरावजींनी यादी वाचली नाही. त्यांना ती पाठ होती. त्रेसष्टावं नाव कुणाचं ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, आणि त्याच नावापायी त्यांची झोप अकरा वर्षं धड नव्हती.

त्रेसष्टावं घर आनंदाबाईचं. नाल्यापलीकडं, जंगलाच्या बाजूचं शेवटचं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, लेक लग्न होऊन कारंज्याला दिली, ही एकटी अर्धा एकर सांबार-वांगी काढते. अकरा वर्षांपूर्वी गाव 'शंभर टक्के विजेचं' करायचा वरून हुकूम आला. नाल्यापलीकडं तार न्यायला दोन खांब लागत होते. खांब आलेसुद्धा. ट्रकमधून उतरवले, नाल्याच्या वळणावर आडवे टाकले, आणि ट्रक गेला तो गेलाच. खड्डे खोदायची माणसं आज येतील, उद्या येतील. तोवर वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसातल्या साहेबानं रूपरावजींना सांगितलं, मीटर लावून टाका भिंतीवर, खांब मागाहून उभे करू, कागद मात्र आजच पाठवायचे आहेत. रूपरावजींनी आनंदाबाईच्या मातीच्या भिंतीवर मीटर ठोकलं आणि अहवालावर सही केली. जोडणी पूर्ण.

ज्या माणसानं बायकोच्या शब्दावर मीठ मानलं नाही, त्यानं साहेबाच्या शब्दावर उजेड मानला. साहेबाची बदली झाली. मागून आलेल्यानं कागद पाहिला, कागदावर वीज पोचलेली, मग खांब कशाला? रूपरावजींनी तोंडी सांगितलं, हातापाया पडून सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असताना सांगितलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "अहो, तुम्हीच तर जोडून दिलीत." ते दोन खांब अजून वळणावर आडवे आहेत. त्यांच्यावर बकऱ्या बसतात, शाळेची पोरं बसतात, निवडणुकीत उमेदवारही बसून गेले. सगळ्यांची बूडं टेकली, तार तेवढी कुणी टाकली नाही.

आणि आनंदाबाई रोज सकाळी बाजाराला जाताना रूपरावजींच्या ओसरीतल्या बोर्डाला आपली चार्जिंगची बत्ती लावून जाते, दिवस मावळायच्या आत येऊन घेऊन जाते. तिनं कधी तक्रार केली नाही. "ठेवली भाऊ," म्हणते. "नेली भाऊ," म्हणते. रूपरावजी तेव्हा पेपरात तोंड घालून बसतात. एकदा मनकर्णाबाईनं त्यांना हळूच सांगितलं होतं, पेपर उलटा आहे म्हणून.

तर धनंजयला त्यांनी साफ सांगितलं, "बासट घरी दिवा लागन. आनंदाबाईच्या घरी नाई."

धनंजयचं तोंड उतरलं. "काकाजी, एक दिवा लावाले तुमचं काय जाते? समितीसमोर गावाची शोभा हाय. अन् मॉडेलच तं हाय थे, खरं घर थोडीच हाय?"

"मॉडेल हाय म्हणूनच. खऱ्या घराकडे कोन साहेब येऊन राह्यला? नाल्यापलीकडे कोन जाते? मॉडेल तं पाहतीन! एक घर काळंठिक्कर दिसलं तं इचारतीन का नाई, हे काऊन असं? मंग मी सांगतो त्याईले काऊन थे."

धनंजय बराच वेळ गोडीगुलाबीनं बोलला, मग कुरकुरत उठला. जाता जाता म्हणाला, "पाहा बा तुमचं. पन गावाचा विचार करा." गावाचा विचार! नाल्यापलीकडची बाई मग काय परगावची होती? रूपरावजी त्यानंतर तासभर एकटेच बडबडत होते.

पण बोलणं सोपं, काळोख करणं अवघड. हे त्यांना कामाला लागल्यावर कळलं.

सुताराकडून मोठी फळी आणली. तिच्याखाली चार बोटं पोकळी ठेवून त्यात दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक घराच्या जागी रुपयाएवढं भोक, त्यातून उजेड वर घरात यायचा. सुतारानं यादी पाहून त्रेसष्टच्या त्रेसष्ट भोकं पाडून दिली. घरं सनबोर्डाची, तळालाही तेवढंच भोक ठेवलेली, पांढरीशुभ्र, हलकी, कापायला लोण्यासारखी. पहिलं घर तयार करून भोकावर ठेवलं, दिवा लावला आणि रूपरावजींनी कपाळावर हात मारला. भिंती पेटल्या होत्या. आणि शेजारी आनंदाबाईचं घर नुसतंच उभं केलं होतं, तर खालून, बाजूनं, फटीतून उजेड शिरून तेही मंद मंद उजळून निघालं. अकरा वर्षांत कंपनीनं जे केलं नाही ते लिकेजनं एका मिनिटात केलं.

मग सुरू झाली लढाई. आधी पांढऱ्या भिंतीला आतून एक हात काळा रंग दिला. तपासायचं कुठं? घरात दुपारी अंधार कुठला! रूपरावजींनी खाटेवर दोन गोधड्या टाकल्या आणि घर, बॅटरी आणि स्वतः असे तिघंही खाटेखाली शिरले. भर दुपारी, ऑक्टोबरच्या उकाड्यात.

मनकर्णाबाई धुणं घेऊन आली, तिला खाटेखालून दोन पाय दिसले. "अवो, काय करून राह्यले तुमी खाली?"

"अंधार पाहून राह्यलो."

"मायबाई! अंधार काय पाहाची चीज हाय? निघा बाहेर, लोक काय म्हनतीन!"

पण त्या अंधारात डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं आणि मग उघडायचे, तेव्हाच खरी गळती दिसते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. एका हातानं भागलं नाही, दुसरा दिला. भिंती बंद झाल्या, कोपरे गळू लागले. कोपऱ्यांना आतून काळी टेप लावली, तीच ती, आयुष्यभर उघड्या तारांना गुंडाळली ती. कोपरे बंद झाले, पायथा गळू लागला. पायथ्याशी शाडूची बारीक वात फिरवली. मग छप्पर. छप्पर डबीच्या झाकणासारखं काढता-घालता येणारं केलं होतं, त्याच्या काठाला कापडाची किनार लावली. एवढं सगळं केल्यावर काळ्या भिंतींनी खिडकीतला उजेडच खाऊन टाकला. म्हणून काळ्यावर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चिकटवला. आता भिंत काळीभोर बंद, खिडकी लख्ख. असं एक घर झालं. अशी बासष्ट करायची होती. पंधरा दिवसांत त्यांची पाठ धरली, मनकर्णाबाईच्या पोळ्यांना कागद उरला नाही, पण घरं झाली.

त्रेसष्टाव्या घराला त्यांनी चांदीचा कागद लावला नाही. तिथं उजेडच यायचा नव्हता तर चांदी कशाला? आतून तीन हात काळा रंग दिला, खालच्या भोकावर टेपचे चार पदर मारले, वरून पुन्हा रंग फासला. खाटेखाली नेऊन तपासलं. आजूबाजूला दिवे, खाली दिव्यांची पट्टी, आणि ते घर मात्र विहिरीच्या तळासारखं. रूपरावजी गोधडीखाली घामानं निथळत होते आणि खूश होते. आता बघू कोण साहेब विचारत नाही ते. अकरा वर्षांनी आपली खोटी सही आपण खोडून दाखवू, असं त्यांना वाटलं.

आदल्या दिवशी ते सेलूला गेले, मोठं बटन आणि जाडी वायर आणायला. मॉडेल ओसरीत, फळीवर जुनं धोतर झाकलेलं. दिवस कलल्यावर परत आले. धोतर जसंच्या तसं होतं. नुसतं बटन जोडलं आणि मॉडेल ट्रॉलीवर चढवून पंचायतीत पोचतं केलं. पुन्हा तपासलं नाही. आयुष्याचा कायदा, आणि नेमका त्या दिवशी मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचायतीचा हॉल गच्च भरला. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता. समितीचे तीन जण, मधला साहेब चष्म्याचा, मांडीवर फाइल. एका बाजूला बायका, पहिल्याच रांगेत आनंदाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. रूपरावजींनी ते पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. आज तुझ्यासाठीच आहे बाई सगळं, असं मनात म्हणाले.

धनंजयनं बटन दाबलं.

हॉलमध्ये एकदम "आहाहा" झालं. भिंती काळ्या, खिडक्या सोनेरी, प्रत्येक दारासमोर उजेडाचा चिमुकला चौकोन पडलेला. खरं गाव दुरून दिसतं तस्सं. अशी गळती नसलेली घरं कुणी पाहिलीच नव्हती. रूपरावजींची नजर मात्र सरळ नाल्यापलीकडं गेली.

तिथं उजेड होता.

आनंदाबाईच्या घराची खिडकी उजळली होती. दारही. एका कोपऱ्यातून तर फट दाखवत चांगली जाड रेघ बाहेर आली होती.

"वा वा!" साहेब म्हणाले. "त्रेसष्टपैकी त्रेसष्ट. शंभर टक्के." आणि त्यांनी फाइलवर पेन टेकवलं.

रूपरावजींचं डोकं फिरलं. ते कसे उठले, खुर्ची कशी पडली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "थांबा साहेब! खोटं हाय हे! त्या घरी लाइट नाई. अकरा वर्सं झाले, नाई! मीटर हाय, तार नाई. दोन पोल वळनावर लोळून राह्यले, त्याच्यावर बकऱ्या हागतात. तुमी येतानी पाह्यले असतीन थे पोल! मी थे घर अंधारात ठेवलतं. जानूनबुजून ठेवलतं. अन् ह्या चोट्ट्यानं..." त्यांचं काळं बोट धनंजयकडे वळलं. "ह्या चोट्ट्यानं माह्या मागं टेप फाडली! बक्षिसापायी! एका रांडमुंड बाईचा अंधारबी तुमाले पाहावत नाई का रे? उजेड तं देला नाई, अंधारबी चोरता?"

"काकाजी, आईची शपत, मी हातबी नाई लावला!" धनंजयचा चेहरा पांढराफटक पडला.

"शपता खातो! शरम वाटत नाई?"

"धनंजयनं नाई केलं भाऊ." बायकांच्या रांगेतून आवाज आला. आनंदाबाई उभी राहिली होती. "म्या केलं."

आनंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती रागावलेली होती. एवढ्या वर्षांत तिला रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं लोक रूपरावजींना सोडून तिच्याकडे बघायला लागले.

"काल मी बत्ती घ्याले गेलती. तुमी नव्हते, वयनीबी नव्हती. म्हटलं पाहू तं खरं, भावानं गाव कसं केलं. एकेक छप्पर उचलून पाह्यलं. सरपंचाच्या घरात चांदी. तुमच्या घरात चांदी. साऱ्यायच्या घरात चांदी. अन् माह्या घरात?" तिचा आवाज चिरकला. "माह्या घरात काळं. भुईबी काळी, भित्तीबी काळ्या. मसनवटीतबी एवढं काळं नसते. दिवाळी तोंडावर आली, लोकं घर पांढरं करून राह्यले, अन् तुमी माह्या घराले आतून काळं फासलं? मी का मेली होती का? माह्या घरच्या बादलीत चुना होता, थो घेऊन आली. म्या थे काळं चिकटलेलं नखानं काढलं, भुईवरचं, कोपऱ्यातलं. चुना लावला. कुंकवाचं बोट लावलं. काय चुकलं माह्यं?"

रूपरावजींनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. तिच्यासाठी पंधरा दिवस खाटेखाली घाम गाळला, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. सांगितलंसुद्धा नव्हतं. तिच्या वतीनं रागावायची इतकी सवय झाली होती, की तिचा स्वतःचा राग असेल हे डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. फाइलमधला एक जुना कागद काढला. "हे बघा, वाद नको. आमच्याकडे जोडणीची नोंद आहे. आनंदाबाई, घर शेवटचं, जोडणी पूर्ण. खाली सही आहे. रूपराव, लाइनमन. ही तुमचीच ना?"

मनकर्णाबाईनं मागून नवऱ्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणा, गप बसा. पेन्शनीचा प्रश्न होता. म्हातारपणी दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

"माहीच हाय," रूपरावजी म्हणाले. "सही माही, अन् खोटी हाय. साऱ्या गावासमोर सांगतो. पायजे तं लेखी देतो."

"तसं लेखी द्या मग, योग्य ठिकाणी," साहेब म्हणाले. "आम्ही फक्त कागद आणि मॉडेल बघतो. दोन्हीत उजेड आहे." आणि ते हसले. त्या हसण्याला काय म्हणावं? माणसानं चुकून लाथ मारली तर निदान ओशाळतो तरी. हा हसला आणि उठला.

आनंदाबाई आडवी गेली. हात जोडले. "चाला ना साहेब माह्या घरी. चा घ्या. नाल्यापलीकडेच हाय, धा मिंटं. दूध हाय घरी."

"पुढल्या वेळेस बाई. अजून दोन गावं करायची आहेत."

"बरं. येजा मंग. पन येसान तं दिवस असतानी येजा. अंधार पडल्यावर मंग तुमाले दिसनार नाई काई."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. गाडी वळणावरून गेली तेव्हा खांबांवर चार बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, त्या हलल्या नाहीत.

लोक पांगले. रूपरावजी धनंजयजवळ गेले. माफी मागणं त्यांना खांब चढण्यापेक्षा जड. "तुह्यावर आळ घेतला. माहं चुकलं," म्हणाले. धनंजय वायर गुंडाळत राहिला. तेव्हा त्यांनी पुढं जोडलं, "पन पोल तिथं लोळून राह्यले अन् तू पाच वर्सं त्याच्यावरून गाडी नेऊन राह्यला, थे चुकलं नाई माहं." आणि नाल्यापलीकडचं छोटं घर फळीवरून उचलून, पिशवीत घालून घरी आले.

त्या दिवशी मनकर्णाबाई त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिहायला घेतलं तेव्हा मात्र तिनंच चष्मा आणून दिला. अर्ज दीड पान झाला. अमुक तारखेला मी खोटा अहवाल दिला, घरात वीज नव्हती आणि आजही नाही, माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, पण खांब उभे करा. लिहून झाल्यावर मनकर्णाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोल आधी लिवा. कारवाई मंग." त्यांनी तसं पुन्हा लिहिलं.

मग पिशवी घेऊन नाला ओलांडला. आनंदाबाई ओट्यावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. तिनं पाट सरकवला. रूपरावजींनी पिशवीतून छोटं घर काढलं आणि मधे ठेवलं.

"इचाराले आलो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली होता. "कंपनीच्या हापिसात नेऊन दाखवतो म्हंतो, अर्जासंगं. साहेबाच्या टेबलावर ठेवतो, शेजारचं घर संग ठेवतो, दिवा लावतो. तुमचं घर अंधारातच दिसलं पायजे, तवा समजन त्याईले. नाईतं लिकेजनं उजेड शिरते. पन तुमी म्हनसान तं करतो. नाईतं नाई."

आनंदाबाईनं घर हातात घेतलं. झाकण काढलं. आत तिच्या बोटांचे चुन्याचे पट्टे वाळले होते. मधे कुंकवाचा ठिपका होता.

"आतून काळं नाई करू देत मी."

"मंग उजेड शिरते बाई."

"बाहेरून लावा ना. काळं बाहेरून लावा, त्याच्यावर मातीचा रंग द्या. कोनाले दिसन?"

रूपरावजींनी घर तिच्या हातातून घेऊन बाहेरून फिरवून पाहिलं. पंधरा दिवस गोधडीखाली घालवले, बासष्ट घरं केली, आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. भिंत तीच, काळोख तोच, फक्त बाहेरच्या अंगाला. त्यांना स्वतःच्या अकलेचा एवढा राग आला, की त्यांनी ओट्यावरच थाडकन हात आपटला.

"भोकाले टेप लावा," ती म्हणाली. "थे खालून लावा, मले दिसाची नाई."

"लावतो."

मग त्यांनी अर्ज पुढं केला, तिचीही सही हवी होती. तिनं हात लुगड्याला पुसले आणि हळूहळू, एकेक अक्षर लावून नाव लिहिलं. तोवर रूपरावजींची नजर सवयीनं वर गेली. दाराशेजारी त्यांनीच ठोकलेलं मीटर होतं, काचेवर धूळ नाही. आजूबाजूची भिंत ताज्या चुन्यानं इतकी पांढरी, की डोळ्याला टोचावी. मीटरच्या कडेकडेनं ब्रश जपून फिरवलेला दिसत होता.

"दरवर्षी मारता चुना?" त्यांनी विचारलं. "आतूनबी?"

"आतूनबी. अकराबी वर्सं." आनंदाबाईनं कागद त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा जुडी बांधायला घेतली. "लाइट कोन्याबी दिवशी येईन. आली म्हंजे घर कसं लख्ख दिसलं पायजे."